धोंड्याच्या महिन्यातली नोटीस

वडिलांनी मेंढरं विकली ती खुब्याच्या ऑपरेशनसाठी. सांधा पार झिजला होता. कळपामागं चालणं सोडाच, बसल्या जागेवरून उठणंही होईना. बाहेरचा व्यापारी फसवील म्हणून त्यांनी कळप माझ्या मेव्हण्याला दिला. हा धाकट्या बहिणीचा नवरा. आष्टीच्या बाजारात जनावरांचा धंदा करतो. त्यानं वडिलांच्या नावानं चेक लिहिला आणि दोन महिने थांबून बँकेत टाका म्हणाला. घरच्या माणसावर अविश्वास कसा दाखवायचा, म्हणून आम्ही थांबलो.

चेक परत आला. त्याच्या खात्यात पैसेच नव्हते. बँकेतल्या कारकुनानं चेक परत आल्याची स्लिप हातात देताना मला बजावलं, आजपासून तीस दिवसांत वकिलाची नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळून पंधरा दिवसांत त्यानं पैसे दिले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात केस घाला. एवढं स्पष्ट तर शाळेतही कुणी शिकवलं नव्हतं.

घरी येऊन मी नोटिशीचं काढलं, तर आठ दिवसांवर अधिक महिना. वडील म्हणाले, "धोंड्यात जावई म्हंजे नारायण. त्याला वकिलाचा कागद धाडतेत का? महिना जाऊ दे, मंग बघू."

तीस दिवसांचं मी सांगितलंच नाही. आई पुरणाच्या तयारीला लागलेली, बहीण वर्षानं यायची, त्यात आपण कशाला वाईट व्हा? मी भित्रा आहे, दुसरं काही नाही.

मेव्हणा आला. रिवाजाप्रमाणे त्याचे पाय धुवायला वडील भिंत धरून, ओठ दाबून खाली बसले. मी तांब्यानं पाणी ओतत होतो. त्यानं पाय मागं घेतले नाहीत. वरून जेवताना वडिलांना विचारलं, ऑपरेशन कधी करताय? बहीण ताटाकडं बघत राहिली.

धोंडा सरल्यावर मी जालन्याला कोर्टात वकील गाठला. त्यांनी स्लिपवरची तारीख बघून मान हलवली. नोटिशीची मुदत टळली होती. चेकलाही तीन महिने होऊन गेलेले, तेव्हा तो पुन्हा बँकेत टाकायची सोय नव्हती. वसुलीचा दिवाणी दावा लावता येईल म्हणाले, पण त्यात वर्षं जातील आणि वडिलांना जावयाविरुद्ध साक्ष द्यावी लागेल.

तीस दिवसांची मुदत टळल्याचं मी घरी सांगितलं, तेव्हा वडिलांनी दावा नको म्हटलं. लेक त्या घरात आहे. तिचा फोन तर तेव्हापासून येतच नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांना धरून बाहेर नेत होतो. उंबऱ्याशी थांबून त्यांनी विचारलं, "तीस दिवसाचं तुला ठावं व्हतं का?"

"न्हाई," मी म्हणालो.

"मंग तुझा काय दोष," असं म्हणून त्यांनी सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला.