बिराजदार बाईंच्या खात्यातून

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही. ज्यांचं नुकसान झालं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

मी सोलापुरात एका कॉलेजात कॉमर्स शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडं ऑनलाइन पोर्टल आलं. नोट्स तिथं टाकायच्या, मुलांनी उत्तरं तिथंच जमा करायची, मार्कही तिथंच द्यायचे. मला ते पटकन जमलं, म्हणून प्राचार्य सरांनी पोर्टलची जबाबदारी माझ्याकडं दिली. मला त्याचा गर्व होता. तो अजून आहे.

मराठीच्या बिराजदार बाईंना मात्र ते जमेना. वर्गात त्या कविता म्हणायला लागल्या की शेजारच्या वर्गात मी शिकवायची थांबायचे. त्याच बाई पोर्टलपुढं हात मांडीवर ठेवून गप्प बसायच्या. "वैशाली, तूच बघ की गं," म्हणून त्यांनी पासवर्डच मला देऊन टाकला.

एका दुपारी मी स्टाफरूममध्ये त्यांच्या खात्यातला मागच्या वर्षाचा वर्ग काढून टाकायला बसले. कानाला फोन — नणंदेच्या लग्नाच्या साड्यांचं बोलणं चाललेलं. पोर्टलनं विचारलं, नक्की काढायचं? मी हो केलं. मग दिसलं — मागचा वर्ग जागच्या जागी होता. गेला होता तो चालू वर्ग. मुलांची परीक्षेची सगळी उत्तरं, अजून न तपासलेली.

तेव्हाच उठून सरांकडं गेले असते तर? काय झालं असतं — थोडी बोलणी खाल्ली असती, एवढंच ना? मी लॅपटॉप मिटला आणि तासाला गेले. त्या दिवशी तास चांगला झाला, हेही आठवतं.

मुलांनी तक्रार केली. पोर्टलवाल्यांकडून कळालं, उत्तरं बाईंच्याच खात्यातून काढली गेलीत, परत मिळायची नाहीत. सरांनी आम्हा दोघींना बोलावलं.

"बाई, लई अवघड करून ठेवलंत तुम्ही."

बाई माझ्याकडं वळल्या. संशयानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या खरंच विचारत होत्या — "त्या दिवशी मीबी उघडून बघितलं होतं गं. माझ्याच हातनं गेलं असंल का?"

आणि मी म्हणाले, "होतं बाई असं कधी कधी."

किती हुशारीचं वाक्य! धड खोटंही नाही.

बाईंनी वर्गात हात जोडून माफी मागितली. फेरपरीक्षेचं सांगायला मी दाराशी उभी होते. विडी कामगाराच्या घरातली एक तेलुगू मुलगी रडत म्हणाली, "बाई, भावाचा मोबाईल मागून मागून लिहिले होते मी." बाई तिच्या बाकाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी तिथंच होते — ऐकत.

मुलांनी पुन्हा परीक्षा दिली. त्यांचं निभावलं. बाईंचं नाही. स्टाफरूममध्ये कुणी चहा देतानाही म्हणायचं, "बाई, डिलीट करू नका हं." त्या हसायच्या. मग हळूहळू वर्गातही अडखळायला लागल्या, पाठ असलेल्या कवितेत थांबायला लागल्या. निवृत्तीला अवकाश होता, तरी वर्ष संपताच नोकरी सोडली. निरोपाच्या भाषणात माझं नाव घेतलं — "हिनं मला सांभाळून घेतलं." टाळ्या पडल्या. मी उठून नमस्कार केला.

आणखी एक आहे. नव्या शिक्षकांना पोर्टल मीच शिकवते. वर्ग काढून टाकायचं बटण आलं की सांगते — आमच्याकडं एक बाई होत्या... दर वेळी थोडं रंगवून. लोक हसतात. ते हसले की मला बरं वाटतं. हे कसलं बरं वाटणं असेल?

परवा भवानी पेठेत किराणा दुकानासमोर बाई भेटल्या. तेवढ्यात त्यांच्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला. बाईंनी वाजणारा फोन माझ्यापुढं धरला. "तूच उचल की गं. नातीचे फोटो हायत त्यात, माझ्या हातनं जायचे सगळे." मी उचलला. बाई हात मागं घेऊन उभ्या, फोन मी धरलेला. नात बोबडं बोलत होती, बाई भरभरून हसत होत्या. लेकीनं विचारलं, फोन कुणी धरलाय? "आमची वैशाली. लई गुणाची पोर."

फोन बंद झाला. दुकानदार आत गेला होता, आसपास कुणी नव्हतं. बाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं.

"काय बोलणार हुतीस का गं?"

"नाही, बाई," मी म्हणाले.