रोवणीतली माझी पात

माझ्या हृदयाची आखडलेली झडप डॉक्टरांनी बोट घालून मोकळी केली, तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. नवऱ्याने बल्लारपूरहून मद्रासच्या गाडीत बसवून मला तिकडच्या दवाखान्यात नेलं होतं. परतले ती डाव्या छातीखालून पाठीपर्यंत वण घेऊन.

बघायला अख्खं गाव लोटलं. एका म्हातारीने विचारलं, "काऊन वं पोरी, तुहं दिल बाहेर काढून धुतलं म्हंते, खरं हाय का?"

"धुतलं अन् दोरीवर वाळू घातलं होतं," मी म्हटलं. "म्हनून तं इतके दिवस लागले."

तिने ते खरं मानलं आणि गावभर सांगितलं.

चारचौघांत मी अशी फटकळ, पण एकटी पडले की छातीवर हात ठेवून ठोके ऐकत बसायची. एखादा चुकल्यासारखा वाटला की रडू फुटायचं. शिंकेचीसुद्धा धास्ती वाटे, कारण टाके उसवतील असं मनाने घेतलं होतं. डॉक्टरांनी मात्र सहा महिने वजन उचलू नको, मग श्वास पुरेल तितकं सगळं काम कर, असं बजावलं होतं. जिने चढायलाही सांगितलं होतं. आमच्या गावात जिना कुठला? मी तलावाची पाळ धरली. पहिल्या दिवशी अर्ध्यातच बसले. होळीपर्यंत दोनदा थांबून वर पोचू लागले, आणि बैल नांगराला लागले तोवर न थांबता. वर उभी राहून पाणी बघायची आणि स्वतःवर खूश व्हायची.

घरी मात्र कोणी खूश नव्हतं. सासू माझ्या ताटात तूप वाढायची, पण रागावायची नाही. आधी दिवसातून चारदा रागावणारी ती बाई! नणंद, जावा, सगळ्या हळू बोलायच्या. मला ते सोसेना. मी जिवंत होते, पण माणसांत नव्हते. रोवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, धानाच्या बांधीत उतरायचंच, असं मी ठरवलं. शेताच्या कडेला धुऱ्यावर नुसतं बसवलं असतं तर मी जन्माची आजारीच ठरले असते.

"तुले कोनी काम सांगतलं?" सासू हळूच म्हणाली.

"डॉक्टरनं," मी म्हटलं आणि चिखलात उतरले.

बाया ओळीने वाकतात, रोपं खोवत मागे मागे सरकतात. प्रत्येकीची आपली पात असते. जी मागे पडते तिच्या दोन्ही बाजूंनी रोपं लागत जातात आणि ती मधे कोंडली जाते. मग सगळ्या तिला हसतात, पण मदतीला कोणी येत नाही. तशी रीतच आहे.

मी मागे पडले नाही. कौतुक वाटलं स्वतःचं. मग हातातली रोपांची पेंडी बघितली, तर ती संपतच नव्हती. डावीकडून सासू आणि उजवीकडून जाऊ, दोघी गुपचूप माझ्या पातीत हात घालून रोवत होत्या. माझा पारा चढला.

"बाई, माह्या पातीतून हात काढा!"

"थकशीन नं वं," सासू म्हणाली.

"थकली तं सांगीन. माही पात मले द्या."

सासूने माझ्याकडे बघितलं आणि हात काढून घेतला. जावेनेही काढला. ओळ सरसर मागे गेली. मी एकेक रोप खोवत राहिले, कंबर भरून आली, वण ताणला, पण श्वास पुरत होता. मान वर केली तर दोन्ही बाजूंना हिरवं आणि मधे मी एकटी.

"अवं, सूनबाई कोंडली वं!" कोणीतरी ओरडलं, आणि बांधीभर हशा उसळला. ऑपरेशनपासून मला कोणी हसलं नव्हतं. मीही चिखलात उभी राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. छाती धडधडत होती आणि मला तिची भीती वाटली नाही.

सगळ्यांत मोठ्याने सासू हसत होती. मग तिने कमरेवर हात ठेवले आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्यावर खेकसली, "हासत काऊन उभी हायेस? हात चालव!"