तीळपुश्यांनी पुसलेला तीळ

तीळपुशे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. आडनाव विजेच्या बिलावर होतं आणि तिथेच राहिलं. फोटो स्टुडिओत लोकांचे तीळ, पुळ्या आणि व्रण पुसण्यात उमेदीची वर्षं गेली, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं आणि त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं.

तिरक्या काचेमागे दिवा, काचेवर निगेटिव्ह, हातात सुईसारखी तासलेली पेन्सिल. चेहऱ्यावरचा काळा तीळ निगेटिव्हवर पांढरा ठिपका होऊन बसतो. तो पेन्सिलीने बुजवला की छापलेला चेहरा स्वच्छ. पेन्सिल चालते ती निगेटिव्हच्या उलट्या बाजूवर, त्यामुळे डावा गाल उजवीकडे. बाकी जगाला एक उजवा गाल असतो, तीळपुश्यांना दोन होते.

मग कॉम्प्युटर आला. पंचेचाळिसाव्या वर्षी ते माउस शिकले. पहिला आठवडा तर मालक रोज म्हणायचे, "मास्तर, जरा सैल धरा, तो पळून जाणार नाही!" पळून गेला तो स्टुडिओच. लोकांचे फोन आपले आपण चेहरे धुऊ लागले आणि त्या जागी चपलांचं दुकान आलं.

साठाव्या वर्षी तिसरी नोकरी मिळाली: यंत्राला डाग शिकवायची. पडद्यावर चेहरा येतो, यंत्र त्यावर गोल काढतं आणि विचारतं, 'दोष?' 'हो' दाबलं की डाग साफ, 'नाही' दाबलं की शाबूत. तीळ, काळी वर्तुळं, सगळे दोषच, असा कंपनीचा नियम. महिनाभर उमेदवारी, आणि एका दिवसात तीन उत्तरं चुकली की घरी.

"काका, जमेल ना?" सुपरवायझर मुलीने विचारलं.

"अगं, तुझ्या आईचा लग्नाआधीचा फोटो बघ एकदा. स्वच्छ असेल तर माझाच हात!"

जमलं की! यंत्र शिष्यासारखं भराभर शिकत होतं. एका संध्याकाळी ते छाती काढून घरी आले. "आज चारशे तीळ पकडले!"

"आणि आईचा?" त्यांची मुलगी म्हणाली. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. "आईला तीळ होता ना, बाबा? हनुवटीपाशी. कुठल्या बाजूला हो?"

तीळपुशे तोंड उघडून 'उजव्या' म्हणणार, तोच आतून कुणीतरी 'डाव्या' म्हणालं. घरातला चेहरा एकीकडे, काचेवरचा दुसरीकडे, आणि दोन्ही तितकेच खरे. त्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवला. स्वच्छ. अल्बम उघडला. स्वच्छ. रेशन कार्डावरचा सुद्धा स्वच्छ! त्या वेळी म्हणायचे, माझ्याच बायकोचा फोटो डागासकट? म्हणजे डॉक्टरच्याच घरी खोकला!

"कमाल आहे तुमची," मुलगी म्हणाली. "माझी आई पुसलीत तुम्ही."

ती हसत म्हणाली होती. पण दुसऱ्या दिवसापासून पडद्यावरच्या चेहऱ्यांनी पिच्छा पुरवला. कुणाच्या गालावर गोल आला की तो चेहरा रोखून बघे: माझा कुठे ठेवलात? सकाळी दाढी करताना आरशात मागे ती उभी दिसे, तीळ डावीकडे. मान वळवावी तर कोणी नाही. पुन्हा आरशात बघावं तर ती असे, आणि तीळ उजवीकडे. दोनदा हनुवटी कापून घेतली.

शेवटी आठवलं: पेन्सिल पुसता येते! पत्र्याच्या डब्यात त्यांच्या हातची तिची एकच निगेटिव्ह उरली होती. टर्पेंटाइनचा बोळा त्यांनी आधी एका कोपऱ्यावर फिरवून पाहिला. दुसरी कुठे नव्हती, आणि पेन्सिलीबरोबर मूळ चित्रच पुसलं गेलं तर? पेन्सिल सुटली. ठिपका उजेडात आला. पण बोळ्यावर काळं येतच राहिलं, दोन्ही डोळ्यांखालून.

तिथेही आपण पेन्सिल फिरवली होती, हे ते साफ विसरले होते.

निगेटिव्ह सरळ करून छापणारं यंत्र कंपनीतच होतं. सुपरवायझर मुलीने हळूच परवानगी दिली. "पण काका, आमच्याकडे येणारा चेहरा आधी पडद्यावर जातो. इलाज नाही."

पडद्यावर ती आली. तीळ डावीकडे. डोळ्यांखाली काळी, खोल वर्तुळं. हा फोटो काढला आणि वर्षाच्या आत ती गेली. डॉक्टर म्हणाले होते, आधी काही दिसलं नाही का? तीळपुशे तेव्हा शपथेवर म्हणाले होते, नाही.

यंत्राने झरझर तीन गोल काढले, अगदी त्यांनी शिकवले तसे. 'दोष?'

"काका," सुपरवायझर मुलगी मागून कुजबुजली, "उमेदवारी संपायला दोनच दिवस आहेत. तीन चुका झाल्या तर मला काही करता येणार नाही."

"माहीत आहे गं, बाळा."

तिळावर त्यांनी 'नाही' दाबलं. एका डोळ्याखाली 'नाही' दाबलं. तिसऱ्या गोलावर बोट थांबलं. ती पडद्यातून त्यांच्याकडे बघत होती.

"दमली होतीस का गं?" तीळपुश्यांनी विचारलं. सगळी खोली ऐकत होती.

मग त्यांनी तिसरं 'नाही' दाबलं आणि फोटो छापून येईपर्यंत छापायच्या यंत्रापाशी हात पुढे करून उभे राहिले.