व्हर्लन स्टेमीची माफी

व्हर्लन स्टेमीनं अठरा वर्षं शर्यतीत गाड्या पळवल्या आणि तेवढ्या काळात कुणाबद्दल एकदाही तक्रार केली नाही.

तो उत्तर कॅरोलिनातल्या एका सूतगिरणीच्या वस्तीत वाढला. बापाच्या कानांत यंत्रांचा खडखडाट मुरला होता आणि फुफ्फुसांत कापूस. व्हर्लनला दुसरा आवाज हवा होता. तो त्याला गावाबाहेरच्या लाल मातीच्या रिंगणात सापडला. कोय हचिन्स नावाच्या गॅरेजवाल्यानं त्याला पहिली गाडी दिली आणि पुढे त्याच्या लग्नात शेजारी उभाही राहिला.

रिंगणातला कायदा कुणी लिहून ठेवलेला नव्हता. पुढच्याच्या बंपरला मागून सरळ धक्का देऊन त्याला बाजूला सारलं, तर ती शर्यत. त्याच्या उजव्या मागच्या चाकाशी नाक खुपसून त्याला भिंतीकडे फिरवलं, तर तो माणूस मारायचा प्रकार. पण तसं झालं तरी पत्रकारांपुढे ब्र काढायचा नाही. पुढच्या रविवारी गाडीनंच उत्तर द्यायचं.

व्हर्लनला असंच कुणीतरी भिंतीकडे फिरवलं. कमरेचं हाड फुटलं. स्ट्रेचरवरून तो एवढंच म्हणाला, "शर्यत आहे, चालायचंच." उत्तर द्यायला तो गाडीत परत बसू शकला नाही.

मग टेलिव्हिजनवाल्यांनी त्याला शर्यतींचं समालोचन करायला बोलावलं. आधी त्यांनी त्याचे डोंगराळ उच्चार घासूनपुसून घ्यायचा प्रयत्न केला. "हे उच्चार काढले तर आत काही उरत नाही," तो म्हणाला, आणि तसाच बोलत राहिला. वळणावर अलगद सरकणारी गाडी पाहून म्हणायचा, "प्रार्थना सुरू झाल्यावर चर्चमध्ये शिरणारी बाई बघा, कशी कडेकडेनं निघालीय." घराघरांत लोक हसायचे.

एका रविवारी कोयचा, म्हणजे आता स्वतःच्या गाड्या शर्यतीत उतरवणाऱ्या त्याच गॅरेजवाल्याचा, नवा ड्रायव्हर लॅनी प्रुइट दुसऱ्या नंबरवर होता. पुढे टॅड बर्चफील्ड, पहिल्याच मोसमातला. शेवटच्या फेऱ्यांत टॅडची गाडी गर्रकन फिरली आणि तोंडानं भिंतीवर आदळली. त्याला काढायला पत्रा कापावा लागला.

व्हर्लनच्या कानात निर्मात्याचा, ॲल्डनचा, आवाज आला, "अपघात म्हणा, व्हर्लन. कोयच्या गाडीवर ज्याचं नाव आहे ना, तो साबणवाला आपलं निम्मं बिल भरतो."

व्हर्लननं माइक जवळ ओढला. "हा अपघात नाही. लॅनीनं त्याला फिरवलं. मुद्दाम."

कोय गाड्यांच्या तळावर त्याची वाटच पाहत होता.

"शाळेतल्या पोरासारखी चहाडी करतोस? आपण रिंगणातलं रिंगणात मिटवतो."

"मिटवायला गाडी लागते, कोय. माझी कुठाय?"

"टॅड मिटवेल त्याचं."

"हात उचलता आला की."

"पहिली गाडी तुला मी दिली होती, विसरलास?"

"नाही विसरलो. ब्रेक नव्हते तिला."

कोय हसला नाही.

ॲल्डनचा फोन सोमवारी आला. पुढच्या शर्यतीआधी माफी, नाहीतर तीच शेवटची शर्यत. घर त्याच पगारावर चालत होतं आणि कमरेत लोखंड असलेल्या माणसाला गिरणीही घेत नव्हती. बायको नॅडीन चर्चची बैठक आटोपून आली, ती पर्स टेबलावर आपटतच.

"निम्म्या बायका माझ्याशी बोलल्या नाहीत."

"मग?"

"मग काय, तेवढीच शांतता." तिनं मक्याचा पाव कापून त्याच्यापुढे सरकवला. "पण तुझी खात्री आहे ना? नसेल, तर माफी माग आणि मोकळा हो."

दोघांनी त्या शर्यतीची चित्रफीत लावली. बघितली, मागे नेली, पुन्हा बघितली. पाव तसाच राहिला.

पुढच्या रविवारी ॲल्डनला तो म्हणाला, "माफी नीट मागतो. ती फीत लावा, म्हणजे लोकांना कळेल कशाबद्दल." ॲल्डननं खुशीत मान डोलावली.

पडद्यावर टॅडची गाडी दिसू लागली.

"गेल्या रविवारी माझी चूक झाली," व्हर्लन म्हणाला. "लॅनीनं त्याला एकदा फिरवलं असं मी सांगितलं. घरी जाऊन नीट पाहिलं. हा बघा, वळणाच्या तोंडाशी पहिला प्रयत्न. तो फसला. आणि हा दुसरा. दोनदा, मंडळी. एकदा म्हटल्याबद्दल माफ करा."

कानात ॲल्डन किंचाळू लागला. व्हर्लननं कानातलं यंत्र काढून थंड चहाच्या ग्लासात सोडलं.

खाली कोयनं हेडफोन उतरवून समालोचनाच्या काचेच्या खोलीकडे मान वर केली. व्हर्लननं नजर वळवली नाही. सुरुवातीचा हिरवा झेंडा फडकला, चाळीस इंजिनं एकदम गरजली, आणि निदान ही शर्यत संपेपर्यंत तरी माइक त्याच्याच हातात होता.

"चला," तो म्हणाला, "आणि सगळ्यांनी नीट चालवा. मी बघतोय."