चिंचेच्या बुडातला चांद

भावकूचा विश्वास कुणावर होता असं विचाराल, तर स्वतःच्या सावलीवरसुद्धा नव्हता. बोरगावच्या अलीकडं, निपाणीच्या वाटेवर त्याचं गाव. तंबाखूची थोडी काळी जमीन, एक बैलजोडी, आणि डोकं पोखरणारं संशयाचं भिरूड. दुधाच्या गाडग्याला हा बाबा बाहेरून काजळीची रेघ मारून ठेवायचा. दूध मांजरानं प्यायलं की माणसानं, ते कळावं म्हणून! आता रेघेवरून ते कसं कळणार, हे त्याला सांगायचं कुणी? निपाणीच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून तंबाखूचा सौदा व्हायचा, तर हा दलालाची बोटं सोडायचाच नाही. न जाणो, मेला सहावं बोट काढील.

तसा माणूस वाईट नव्हता. कष्टाला वाघ होता, दारूला शिवला नव्हता, बायकोवर कधी हात टाकला नाही. पण संशय म्हणजे संशय. त्याला कारणही तसंच होतं.

प्लेगच्या सालात सगळं गाव घरं सोडून माळावर खोपटं बांधून राहिलं, तेव्हा भावकू तीन वर्षांचा होता. त्याचा बाप तिथंच, माळावर गेला. साथ सरली, गाव परत आलं, तेव्हा भावकूच्या आईच्या, यशोदाबाईच्या गळ्यातला चंद्रहार काही परत आला नाही. चुलतीनं पुढं भावकूच्या कानात फुंकर घातली, "तुझ्या बानं माळावर जायच्या आधी कुठंतरी पुरलाय बघ. तुझ्या आयला ठावं हाय." भावकूनं आईला विचारलं. आई म्हणाली, "गेला." कुठं गेला, तर म्हातारी पाठ फिरवून चुलीपुढं बसली. त्या एका "गेला"नं भावकूला वर्षानुवर्षं कुसळासारखं टोचलं.

यशोदाबाई वारली तेव्हासुद्धा तो तिच्या उशाशी कान लावून बसला होता. म्हातारीनं देवाचं नाव घेतलं, हाराचं घेतलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, मिठाच्या सत्याग्रहाचं साल होतं, एका पहाटे भावकूला लवकर जाग आली. सोप्यात त्याची बायको मालुबाई दळत होती. जात्याच्या घरघरीत गाणं चाललं होतं. गाणं जुनंच, त्याच्या आईचं. लहानपणापासून ऐकलेलं, आणि म्हणूनच कधी न ऐकलेलं. त्या दिवशी मात्र त्यानं कान दिला.

पहिली माझी ओवी, चिंचंच्या बुडाला
ठेविला माझा चांद, काट्यांच्या आडाला.

दुसरी माझी ओवी, पावलं मोज सात
चांदाला माझ्या बाई, मिठाची दिली साथ.

भावकू वाकळंतनं ताडकन उठून बसला. चांद! ठेविला! आणि पावलं मोज सात! अरे, घरामागच्या परड्यात चिंच आहे, आणि आपण तीस वर्षं तिच्या सावलीत बसून चिंचा फोडतोय! चांद म्हणजे चंद्रहार, दुसरं काय असणार? वर काटे, म्हणजे कुणी हात घालू नये म्हणून. मीठ मात्र त्याला उलगडेना. तोवर मालुबाईनं तिसरी ओवी धरली.

तिसरी माझी ओवी, चांदाजवळ चांदणी
दोघांच्या वरी घाली, तांब्याभर पाणी.

ही ओवी आईची नव्हती. ही नवी होती, हिनं जोडलेली. म्हणजे आईनं पोटच्या पोराला सांगितलं नाही ते सुनेला सांगितलं! आणि सुनेनं त्यात भर घातली! त्याला आठवलं, मालुबाई रोज सकाळी चिंचेखाली तांब्याभर पाणी ओतते. एवढ्या जुन्या झाडाला पाणी? त्याची मुळं विहिरीपर्यंत पोचली असतील! पाणी नव्हे हे, पाळत आहे. माती हलली का ते रोज बघून येते ही.

"काय गं, त्या गाण्याचा अर्थ काय?" न्याहारीला बसल्यावर त्यानं सहज विचारल्यासारखं केलं.

मालुबाई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. "जात्यावरचं हाय ते," ती म्हणाली. "बाईनं जात्याला सांगितलेलं बाप्यानं इचारू न्हाय. आत्यांनी घालून दिलंय." आत्या म्हणजे तिची सासू, यशोदाबाई.

रीत खरी होती. आमच्याकडं जात्यावर सून सासूला शिव्या घालते आणि सासू पलीकडं बसून मुकाट ऐकते. दळण संपलं की विषय संपला. पण भावकूला रीत दिसली नाही, त्याला कुलूप दिसलं.

पुढच्याच आठवड्यात मेव्हणीच्या लग्नाचं लुगडं आणायचं निमित्त काढून तो मोटारीनं बेळगावला गेला. शहापुरात विणकरांच्या गल्लीत लुगडं घेतलं आणि तिथंच राहणाऱ्या केशवमास्तरांकडं गेला. मास्तर पेन्शनीतले, जुन्या ओव्या-अभंगांचे अर्थ सांगण्यात त्यांचा हातखंडा. भावकूनं पहिली ओवी सांगितली. मास्तर डोळे मिटून म्हणाले, "वा! चिंच म्हणजे हा आंबट संसार. काटे म्हणजे विषय. आणि चांद म्हणजे जीवात्मा, जो संसाराच्या बुडाशी दडलाय. पुढची ओवी काय?"

"पुढची न्हाय," भावकू म्हणाला.

"असं कसं? पहिली म्हटलं की दुसरी आलीच."

झालं! ह्याला दुसरी कशाला पाहिजे? पावलं मोजायला? अर्थ विचारायला पन्नास मैल आलेल्या भावकूनं निम्मं गाणं पोटात ठेवून मास्तरांना नमस्कार केला आणि परतीची मोटार धरली. वाटेत बिचारा मागं वळून बघत होता, मास्तर येतोय की काय म्हणून.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच मालुबाई माहेरी गेली. "तुम्ही उद्या सकाळी या," म्हणाली. "येतो," भावकू म्हणाला. ती पांदीच्या वाटेला लागायचा अवकाश, ह्यानं परड्याचं दार लावलं, चिंचेच्या बुडाला पाठ टेकून ओल्या मातीच्या दिशेनं सात पावलं टाकली आणि कुदळ घातली.

कमरेइतकं खणल्यावर कुदळ ठण्णकन वाजली. चपटा दगड! एकाला लागून दुसरा, मुद्दाम बसवलेले. तेवढ्यात कुंपणावरनं आवाज आला, "आण्णा! थांब! हात नगं लावूस!"

मष्णू होता, घरचा जुना गडी, यशोदाबाईच्या वेळेपासूनचा. भावकूचं डोकं फिरलं. "तुलाबी ठावं हाय व्हय रं? सगळ्यांस्नी ठावं, फकस्त मलाच न्हाय?"

"व्हय, फकस्त तुलाच न्हाय," मष्णू म्हणाला. म्हातारा कुंपण ओलांडून येईपर्यंत भावकूनं दगड उचलला होता. खालच्या मातीत बोटं घातली, आणि काहीतरी कठीण हाताला लागलं. त्यानं ते धोतराला पुसलं. हिरवं पडलेलं तांबं. एक वाळा. त्याच्या अंगठ्यात कसाबसा जाईल, एवढासा.

"कुनाचा ह्यो?"

"तुझ्या लेकीचा," मष्णू खड्ड्याच्या काठावर बसला. "धा वर्सं झाली. तू तंबाकूच्या गाड्या घिऊन निपाणीला गेलतास, अन् सौदा हुईस्तोवर म्हैनाभर वखारीतच राखण करत बसलतास. ईस दिसांची पोर तापानं गेली. दात न आल्यालं लेकरू जाळत न्हाईत, पुरत्यात. खाली मीठ, वर काटं, कुत्र्यानं उकरू न्हाय म्हणून. घराजवळ ठिवलं की परत त्याच आयच्या पोटाला येतंय म्हणत्यात, म्हणून परड्यात. तुझी आई अन् मी, आम्ही दोघांनी पुरली. पलीकडच्या दगडाखाली तुझा धाकटा भाऊ हाय, प्लेगच्या सालातला. दाई बोलली हुती, गेल्याल्या लेकराचं नाव तोंडानं काडायचं न्हाय. म्हणून तुझी आई त्याला चांद म्हणून जात्याला सांगायची. पोरीची चांदणी मालूनं जोडली."

भावकू खड्ड्यातच बसला. दहा वर्षांपूर्वी निपाणीहून परत येऊन गाडी सोडताना आई म्हणाली होती, "पोर गेली रं." आणि तो म्हणाला होता, "पोरगीच हुती न्हवं," आणि बैलांना पाणी दाखवायला गेला होता. ते शब्द आज परत त्याच्या कानात आले. त्यानंतर मालुबाईच्या पोटी काही राहिलं नव्हतं. आणि ती रोज पाणी घालत होती. त्याला लाज वाटली, अशी की वर बघवेना.

मष्णूनं पोरगा धाडून मालुबाईला बोलावलं. दुपारी ती आली. परड्याच्या दारातनं तिनं उकरलेली माती बघितली, नवऱ्याच्या तळहातावरचा वाळा बघितला. ओरडली नाही. "काय हुडकत हुता?"

"आयचा चंद्रहार," भावकू कसाबसा म्हणाला.

"त्यो प्लेगच्या सालातच इकला आत्यांनी. जोंधळं घेतलं. तुमच्या पोटात गेला त्यो." एवढं बोलून ती आत गेली आणि ओंजळभर मीठ घेऊन आली. ते तिनं त्याच्या ओंजळीत ओतलं. "त्या वक्ताला बापाच्या हातची माती पडली न्हाय. आता टाका."

भावकूनं वाळा जागेवर ठेवला, वर मीठ घातलं, दगड बसवला. मग दोन्ही हातांनी माती लोटायला लागला, कुदळ वापरली नाही. गड्याला, दलालाला, बायकोला जन्मभर शंभर सवाल विचारणाऱ्या ह्या माणसानं एक सवाल दहा वर्षं विचारला नव्हता. तो आता त्याच्या तोंडातनं बाहेर पडला.

"मालू, तिचं नाव काय ठिवलं हुतं गं?"

मालुबाईनं तांब्या भरून आणला होता. ती ओल्या मातीवर पाणी घालत राहिली, तांब्या रिकामा होईपर्यंत.

"ठिवलंच न्हाय," ती म्हणाली. "बारशाला तुमची वाट बघत हुतो."