सुभद्राचं बी आणि माझी बिनधुराची चूल

आमच्या घरातला धूर मी एकट्यानं बाहेर काढला, आणि दोन महिन्यांनी एकट्यानंच परत आणला.

ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. अहेरीपासून सायकलीनं तासाभरावर आमचं गाव. ब्लॉकच्या, म्हणजे पंचायत समितीच्या, बाई आल्या आणि बिनधुराची चूल समजावू लागल्या. चूल मातीचीच, पण मागून नळी निघून छपराबाहेर. लाकूड अर्धं लागतं, जंगल वाचतं, घरातल्या बाईचे डोळे वाचतात. माझी बायको सुभद्रा चुलीपुढे खोकून खोकून बेजार. बाईंचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हात वर केला. (शाळेत चौथीपर्यंत एकदाही केला नव्हता.)

चूल काय झाली राजेहो! एका जाळावर भातही शिजे, वरणही. आठ दिवसांची मोळी पंधरा दिवस पुरे. सुभद्राचा खोकला गेला, आणि त्या मोकळ्या गळ्यानं ती मला जास्त बोलू लागली.

मग एक दिवस तिनं चुलीवरच्या बांबूला टांगलेली मक्याची कणसं आणि वालाच्या शेंगा उतरवल्या. आमच्याकडे पेरणीचं बी धुरावर ठेवतात, मग कीड लागत नाही. तिनं कणीस हलवलं तर पीठ गळलं, पिठासोबत सोंडे किडे गळले.

"पाहा," ती म्हणाली, "तुमची चूल सोंड्याइले लय मानवली."

"चार दाने गेले असतील."

"माह्या मायच्या हातचं बी हाय हे. माय गेली. आता हे गेलं तर कुठून आनू?"

ती रडली नाही. रडली असती तर मी गप्प तरी बसलो असतो.

"तुले धूरच पायजे ना? धूर कुठी जाते? नळीतून वर. मंग बियाले वर नेतो."

"अवो, डोस्कं ठिकानावर हाय काय?"

पण तिनं गाठोडं बांधून दिलं. मी छपरावर चढलो. गाठोडं नळीच्या तोंडावर ठेवलं, माकडं नेतील म्हणून वर टोपली उपडी घातली, आणि धूर वाया जाऊ नये म्हणून टोपली चारी बाजूंनी चिखलानं लिंपली. (लिंपली मात्र झकास. मी हातानं कच्चा नव्हतो, डोक्यानं होतो.)

दुसऱ्याच सकाळी ब्लॉकच्या बाई शेजारच्या गावच्या दहा-बारा बाया घेऊन हजर. आमची चूल दाखवायला! मी अंगणात भाषण सुरू केलं, "घरात धुराचा टिपूस सापडनार नाई." आत सुभद्रानं चहाला जाळ घातला.

वर नळीचं तोंड बंद. धूर दारातून आला, खिडकीतून आला, कौलांच्या फटीफटीतून आला. दोन महिन्यांची कसर त्यानं एका चहात भरून काढली. कोंबड्यासुद्धा बाहेर पळाल्या.

"भाऊ, हे काय?" बाईंनी नाकाला पदर लावून विचारलं.

पाहुण्यांतली एक म्हातारी म्हणाली, "बाई, आमच्या घरी याच्याहून कमी धूर हाय. आमाले नको ही चूल."

तेवढ्यात शेजारची तानाबाई कुंपणावरून म्हणाली, "भाऊ, वर टोपली जळून राह्यली तुमची."

धावत वर चढलो. गाठोडं ओढलं, फडकं फाटलं, आणि मक्याच्या लाह्या कौलांवरून टपटप अंगणात. पाहुण्या बायांनी उचलून खाल्ल्या. वालाचा कोळसा झाला होता.

खाली उतरलो तेव्हा तोंड काळं, मिशी अर्धी. सुभद्रासमोर मान वर होईना.

"तुह्या मायचं बी जाळलं मी," मी म्हणालो.

"किडलेलं जळलं. चांगलं निवडून मी कालच तानाबाईच्या चुलीवर टांगलं. तिथी धूर लय."

"मंग मले सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तर तुमी तेबी छपरावर नेलं असतं."

सुभद्राला जाऊन चार वर्षं झाली. चूल तीच आहे. वाल दर साली कुंपणावर चढतो, बी मी राखेत घोळून ठेवतो. एकटा बसलो की तिचं ते बोलणं उलटंपालटं करून पाहतो, एकदा तरी तिला खोटं पाडावं म्हणून.

नेलं असतं.