भोकं पाडलेल्या नावेतून रामपायलीला

गोंदियाहून निघालेल्या छोट्या गाडीनं मला बालाघाटला आणून सोडलं, तेव्हा केसांत कोळशाची कणी होती आणि डोक्यात एकच बेत: दुपारी रामपायली गाठायची. सासूबाईंनी तिथल्या रामाला नवस बोलला होता, आणि फेडायला सांगलीहून मला धाडलं होतं. हिंडायचं म्हटलं की मी एका पायावर तयार असते, त्यामुळे कुरकूर करायलाही जागा नव्हती.

मोटार स्टँडवर गेले तर एक म्हणाला, वाटेवरचा रपटा (नाल्यावरचा बुटका पूल) वाहून गेलाय. दुसरा म्हणाला, रपटा ठीक आहे, पण ड्रायव्हर सासुरवाडीला गेलाय. तिसऱ्यानं तर मलाच विचारलं, "बाई, आज गाडी राहते असं कोणं सांगतलं तुमाले?" शेवटी चहावाल्यानं कपबशी विसळता विसळता सांगितलं, की घाटावर जा, सुकराम ढीवर (मासे धरणारा) बायकोला घेऊन त्याच बाजूला चाललाय, तिथून पुढे बैलगाडी मिळेल.

वैनगंगा भरून वाहत होती, पण शांत. काठाला एक लांबट नाव होती आणि तिच्या मधोमध चांगलं गुडघाभर पाणी!

"अहो, नाव बुडतेय!" मी ओरडले.

"बुडू द्या," नावेतली बाई म्हणाली. "मी तं हेच म्हणून राह्यली. चांगल्या नावेले यानं भोकं पाडले."

ही फुलनबाई, सुकरामची बायको. सुकराम बांबू पुसत उभा होता. मी वाकून पाहिलं. नावेच्या मधल्या भागात दोन आडव्या फळ्या पक्क्या ठोकून हौद केला होता, आणि त्या हौदाच्या तळाला खरोखरच बोट जाईल अशी भोकं होती. त्यांतून नदीचं पाणी आत येत होतं, बाहेर जात होतं, आणि वर ओल्या गोणपाटाच्या सावलीत एक रोहू मासा फिरत होता. पुढचा मागचा भाग मात्र कोरडा ठणठणीत. नाव का बुडत नाही, हे मी सुकरामला तीनदा विचारलं. तो म्हणाला, "मले बी पक्कं नाही माहीत, बाई. काल बुडली नाही." एवढ्या भरवशावर मी पाय उचलून आत बसले. देवाचं नाव घेतलं, आणि सासूबाईंचंही.

बांबूच्या दोन रेट्यांत घाट मागे पडला. काठानं धानाच्या बांध्या (भाताची खाचरं) पिवळ्या पडायला लागल्या होत्या. फुलनबाईनं मला पोहे आणि गूळ दिला आणि सगळी हकीकत सांगितली. त्यांच्या मोहनचं लग्न ठरायचं होतं. पोरगी त्याला पसंत, तो पोरीला पसंत. पण पोरीचा बाप हेकट. त्यांच्यात सोयरीक मागायला जाताना जिवंत मासा न्यायचा आणि मुलीच्या दारात परातीत सोडायचा, अशी रीत. मागच्या साली यांनी हंड्यातून नेला, तो दारात पोचेपर्यंत मेला.

"इवाई (व्याही) काय म्हणला, सांगू?" फुलनबाईनं पदरानं नाक पुसलं. "ज्याले मासा जिता आणता येत नाही, त्याच्या घरी माझी पोरगी कशी जगन? आता अजून एक खेप देल्ली त्यानं. याही वेळी मेला तं पोरगी दुसरीकडे."

म्हणून ही भोकं. मला एकदम त्या हौदाबद्दल आदर वाटायला लागला. गोणपाट सुकू नये म्हणून मी ओंजळीनं पाणीही मारू लागले.

पहिल्या गावाच्या घाटावर सुकरामचा थोरला भाऊ उभा होता. हातात बादली. "माझाबी एक," म्हणाला आणि त्यानं आपला रोहू हौदात सोडला. मला कळेना. मागायला एकच मासा लागतो ना? फुलनबाई म्हणाली, "घरचं कार्य हाये. भावानं द्यायचाच असते. नाही कसं म्हणायचं?"

पुढच्या वळणावर सुकरामची म्हातारी आत्या लुगडं वर खोचून पाण्यातच उभी. तिचाही रोहू. त्याच्या पुढे मावसभाऊ. त्याचे तर दोन, कारण एक त्याच्या बायकोकडून. वर तो कौतुकानं म्हणाला, "औंदा हौद मोठा केला, बरं केलं. मागच्या साली हंड्यात आमचे मासे मावतच नव्हते!"

मी फुलनबाईकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे मागच्या वर्षी हंड्यातही हीच दाटी झाली होती तर!

त्या घाटावर मावसभावानं आग्रहानं भात आणि लाखोरीची डाळ जेवायला घातली, नाव तशीच काठाला उभी. परत आलो तर हौदातले सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत-मिटत होते. एकावर एक, नुसती दाटी. सुकरामनं घाईनं नाव धारेला घातली, म्हणजे भोकांतून ताजं पाणी खेळेल. थोडा फरक पडला, पण एक मासा कलंडायला लागला.

"सोड ना काही!" फुलनबाई रडकुंडीला आली.

"कोणाचा सोडू?" सुकराम खेकसला. "दादाचा सोडला तं दादा जन्मभर बोलत नाही. आत्याचा सोडला तं ते अन्न सोडते. अन् कोणाचा सोडला, असं इवायानं शपथ घालून विचारलं तं?"

"तुमचाच सोडा मग," मी म्हणाले.

"बापाचाच नसला तं सोयरीक कोणाची, बाई?"

खरंच की. माझं डोकं चालेनासं झालं. आणि तेवढ्यात फुलनबाई माझ्याकडे रोखून बघायला लागली. "बाई, कोणता मासा कोणाचा, तुमाले वळखू येते?"

"छे! मला मासा ताटात ओळखू येतो, तोही काट्यावरून."

"मंग तुम्हीच सोडा. एकच ठेवा."

"मी? अहो, आणि मी ठेवलेलाच मेला तर? पोरीचं लग्न मोडेल माझ्या हातून! दोन ठेवते."

"दोन राह्यले तं दोन घरं भांडतीन. एकच. हात वले करा पह्यले, अन् पोटाखालून धरा."

एवढं बोलून दोघंही नवरा-बायको पलीकडच्या काठाकडे तोंड करून बसले. आपण काही पाहिलं नाही, असं सांगता यावं म्हणून! वैनगंगेच्या मधोमध, भोकं पाडलेल्या नावेत, दुसऱ्याच्या सोयरिकीचा निवाडा माझ्यावर. ह्या रोहूंमध्ये काही फरकच दिसेना. सगळे तसेच रुपेरी, तसेच रागावलेले. कलंडलेला पहिल्यांदा सोडला. नदीत गेल्यावर जरा वेळानं त्यानं शेपटी हलवली आणि मला हुंदकाच आला. मग दुसरा, तिसरा. एक मात्र हाताला लागेना. धरला की सुळकन निसटायचा. दोनदा त्यानं माझ्या तोंडावर पाणी उडवलं. म्हटलं, राहा बाबा तूच. आणि बाकीचे सोडून दिले.

मुलीच्या गावी उतरून घरी पोचलो, तर तिचा म्हातारा बाप दारातच उभा होता, मिशा चावत. रामराम नाही, या बसा नाही. दारात पाण्यानं भरलेली पितळी परात होती. सुकरामनं ओल्या फडक्यातून मासा तिच्यात सोडला. मासा निपचित. फुलनबाईनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. मी मनात म्हटलं, मेले! माझ्यामुळे गेली पोरगी हातची. म्हाताऱ्यानं खाली वाकून माशाला बोट लावलं मात्र, मासा उसळला, म्हाताऱ्याच्या छातीवर आपटला आणि अंगणात पडला. घरातून एक मुलगी धावत आली, रांजणात हात बुडवून तिनं तो उचलला आणि परातीत ठेवला. तीच नवरी. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, इतका तो उजळला होता.

म्हाताऱ्यानं मिशांवरचं पाणी पुसलं. "बसा," तो म्हणाला. "अगं, चहा ठेव."

मला वाटलं, आता माशाचं कालवण होणार. कसलं काय! मासा गावच्या तलावात सोडून दिला आणि माझ्या पानात पुन्हा लाखोरीची डाळ. ह्या लोकांचं मला काही म्हणता काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं रामपायलीला जाऊन नवस फेडला आणि त्याच नावेनं परतले. सुकराम काठाकाठानं बांबू रोवत प्रवाहाविरुद्ध नाव ढकलत होता. मावसभाऊ पाण्यात धावत आला. सोयरीक जमली हे कळल्यावर त्यानं मला हळूच विचारलं, "बाई, उसळला तो माझाच ना?" मी फुलनबाईकडे पाहिलं. ती पलीकडच्या काठाकडे बघत होती.

"हौ," मी म्हणाले.

आत्यानं विचारलं, "शेपटीले चीर होती, तोच ना व?" मी शेपट्या कुठे बघितल्या होत्या! म्हटलं, हौ. म्हातारीनं तिथेच पाण्यात माझ्यावरून बोटं मोडली. थोरल्या भावालाही हौ. तो भर उन्हात एकटाच हसत उभा राहिला, आम्ही दिसेनासे होईपर्यंत.

सांगलीत आल्यावर मी तळाला भोकं असलेल्या नावेतून गेले, असं सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, ऊन लागलं असेल. बुडाली कशी नाही, ह्याचं उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हतं आणि अजूनही नाही.

पण एक गोष्ट घरी सांगितली नाही. बालाघाटच्या घाटावर फुलनबाई माझी वळकटी घेऊन पुढे गेली, तेव्हा सुकराम नाव बांधता बांधता थांबला. इकडेतिकडे बघितलं, आणि दोरीकडे बघतच म्हणाला, "बाई, कोणाले सांगत नाही मी. पण खरं सांगा. मोहनचा बाप म्हून विचारतो. माझाच होता ना तो?"

त्याचे डोळे भरले होते.

"हौ," मी म्हणाले. "तुमचाच."